तिसरी खुर्ची

आर्डिथ व्हर्बकाला गावच्या वाचनालयात एकतीस वर्षं झाली होती. पुस्तकं देणं-घेणं तर होतंच, पण तिचा खरा मान वेगळा. मंडळाच्या बैठकीची सूचना दाराच्या काचेला आतून, अक्षरं बाहेर करून तीच लावायची. बैठकीतलं बोलणंही तीच लिहून घ्यायची.

मंडळात पाच जण. त्यातले तिघे कुठंही एकत्र बसून वाचनालयाचा विषय बोलले, की कायद्यानं ती बैठक झाली. आणि बैठक म्हणजे दोन दिवस आधी सूचना, सगळ्यांना दार उघडं. म्हणून रोझलीच्या हॉटेलात एका टेबलावर मंडळातले दोघे दिसले, की तिसरा मुकाट्यानं दूर स्टुलावर बसायचा. म्हातारा मायलो रुस्का तर एकदा मयताच्या जेवणालासुद्धा ताट घेऊन दारात उभ्यानं जेवला होता. गाव हसायचं, पण रीत पाळायचं.

त्या हिवाळ्यात कुजबुज होती, की वाचनालय बंद करून पुस्तकं जिल्ह्याच्या गावी नेणार. आर्डिथनं विचारलं, की अध्यक्ष ड्वेन म्हणायचा, "तसं काही नाही गं."

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी ती रोझलीकडे कोलाचे, म्हणजे जॅम भरलेले गोड पाव, घ्यायला गेली. मागच्या टेबलावर ड्वेन, मंडळातलीच लव्हॉन आणि मंडळावर नवा आलेला कर्ट. तिघे! ती दिसताच तिघांचं बोलणं एकदम तुटलं. कर्टनं एक कागद पालथा घातला, वर केचपची बाटली ठेवली.

मायलो एकटाच स्टुलावर होता. मान न वळवता पुटपुटला, "चौथी खुर्ची मला देत होते. मी नाही घेतली."

आर्डिथ सरळ त्या टेबलाकडे गेली. तिनं तीच रिकामी खुर्ची ओढली, पर्समधून वही काढली.

"वेळ सात पन्नास. हजर तिघे. विषय?"

"अगं, ॲपल पाय खातोय आम्ही," ड्वेन हसला. शाळेपासून तो असाच हसायचा, चोरी पकडली की.

"बरं. विषय, ॲपल पाय." तिनं लिहिलं. "आणि बाटलीखाली काय आहे रे, कृती?"

कुणी हसलं नाही. लव्हॉननं चमचा हळूच बशीत ठेवला. "आर्डिथ, तुझ्या निवृत्तीला किती राहिलं गं?"

"दोन वर्षं."

"मग जप हो," ती गोड आवाजात म्हणाली. "बाहेर फार निसरडं झालंय."

सोमवारी ड्वेन सूचना घेऊन आला. टेबलावर ठेवली, टोपी न काढताच गेला. बैठक बुधवारी पाचला. सगळं नियमात, एक तासही कमी नाही. सातवा विषय: इमारतीबाबत निर्णय. आठवा: बैठकीच्या नोंदींसाठी नवी नेमणूक.

आठवा तिनं दोनदा वाचला.

कागद लावलाच नाही तर बुधवारची बैठकच रद्द होईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हातात चिकटपट्टी धरून ती बराच वेळ काचेसमोर उभी राहिली. पण मग पुढची बैठक कुठं होणार? रोझलीच्या मागच्या टेबलावरच ना!

तिनं सूचना लावली. चारही कोपरे अंगठ्यानं दाबले. मग वहीतलं गुरुवारचं पान फाडलं आणि सूचनेला खेटून लावलं: सात पन्नास, तिघांची नावं, विषय ॲपल पाय. अक्षरं बाहेर.

रस्त्यावर एक ट्रक येऊन थांबला. इंजिन चालूच. काचा धुरकटलेल्या, आत कोण ते दिसेना. कुणी उतरलं नाही. बराच वेळ तो तसाच घुरघुरत राहिला.

आर्डिथनं दाराकडे पाठ केली. बैठकीला लोकांसाठी नेहमी सहा खुर्च्या मांडायची ती. उरलेल्या चौतीस तळघरात होत्या. दिवा लावून ती त्या आणायला खाली उतरली.