आधी पट्टी

माणूस दारातून आत शिरतानाच पट्टीबाईंना कळायचं की याचं खरं दुखणं कुठलं आहे. पण पट्टी काढल्याशिवाय त्या एक अक्षर बोलायच्या नाहीत. ठाण्यात, नौपाड्यातल्या एका हृदयाच्या डॉक्टरांकडे त्या ईसीजी काढायच्या. पडद्यामागे एक अरुंद कॉट, एक यंत्र आणि त्यातून सरकत येणारी बारीक चौकटींची कागदी पट्टी, एवढं त्यांचं राज्य. नाव अर्थातच वेगळं होतं, पण दवाखान्यात सगळे त्यांना पट्टीबाईच म्हणायचे. "आधी पट्टी, मग भीती," असं त्या येईल त्याला दरडावायच्या. "काळीज बरं आहे हे कागदावर दिसू दे, मग घाबर हवं तेवढं."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मरतेच आहे असं समजून गेले होते. वर्तकनगरच्या शाळेत सातवीला गणित शिकवत होते. फळ्यावर उदाहरण लिहिता लिहिता छातीत धडधड सुरू झाली, हात बधिर झाले, आणि मनात एकच, की आता मी इथे पोरांसमोर मरणार. शिपाईमामांनी रिक्षात घातलं. पट्टी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, ॲसिडिटी. पुढच्या दोन महिन्यांत आणखी चार वेळा गेले आणि चारही वेळा पट्टी नॉर्मल! काउंटरवरची मुलगी मला बघून हसू दाबायची. घरी सासूबाईंनी मीठ-मोहरी ओवाळून टाकली. नवरा म्हणाला, "सगळं तर आहे तुला, मग टेन्शन कसलं घेतेस?" त्याचा मला तेव्हा इतका राग आला की तो अजून पुरता गेलेला नाही.

पाचव्या खेपेला पट्टीबाईंनी पडदा नीट ओढून घेतला आणि ती नॉर्मल पट्टी माझ्या नाकासमोर धरली. "काळीज ठणठणीत आहे तुझं. पण तू बरी आहेस असं कुठे लिहिलंय यावर? दाखव मला." मला रडूच फुटलं. छातीवरची जेली पुसायचा कापूस त्यांनी माझ्या हातात कोंबला. "पूस डोळे. अगं, हा भीतीचा झटका आहे. वीस मिनिटांत उतरतो, पण मेला परत येतो. मनाच्या डॉक्टरांकडे जा. आणि कल्याणला जा, इथे नको. ठाण्याची माणसं कल्याणला जातात, कल्याणची ठाण्याला येतात. कुणी ओळखीचं भेटायला नको ना!"

भेटलंच की! कल्याणच्या त्या दवाखान्यात मी पदराआड तोंड लपवत शिरले, तर समोरच्या बाकावर पट्टीबाई, मांडीवर जाडजूड फाईल. मला वाटलं, माझ्या काळजीने आल्या असतील. तर म्हणाल्या, "माझा नंबर तुझ्या आधी आहे, मध्ये घुसू नकोस." अठरा वर्षं त्या तिथे येत होत्या. झटके तर होतेच, वर डिप्रेशन. डोंबिवलीत त्या भाऊ-वहिनीच्या घरी राहायच्या आणि घरात सांगितलं होतं की थायरॉइडच्या गोळ्या आहेत.

त्यांचे केस पुरुषासारखे बारीक कापलेले होते. त्याचं कारण त्यांनी मला त्या बाकावर सांगितलं. "वाईट दिवस आले ना, की वेणी घालायला हात डोक्यापर्यंत जात नाही गं. आठ-आठ दिवस गुंता तसाच. मग एक दिवस कापूनच टाकले. शेजारणी म्हणाल्या, तिरुपतीला दिलेत वाटतं? मी म्हटलं, हो." असं काही सांगून त्या हसायच्या आणि समोरच्याला हसावं की नाही ते कळायचं नाही.

मलाही ते दिवस आले. आंघोळ नको, शाळा नको, कुणाचा आवाज नको. ओट्यावर भांड्यांचा ढीग बघून मी तिथेच फरशीवर बसून राहायचे. बाई फोनवर विचारायच्या, "किती वाट्या आहेत?" मी म्हणायचे, मोजल्या नाहीत. "एक घास. बाकीच्या राहू देत, त्या काही पळून जात नाहीत." मी एक वाटी घासायचे. कधी दुसरीही घासली जायची, कधी नाही. दुसरी घासली का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी आज वर्गात उभी राहते ती गोळ्यांमुळे आणि त्या एका वाटीमुळे, हे मी कुणालाही सांगेन.

झटक्यांसाठी आम्ही एक रीत ठरवली होती. जिला येईल तिने फोन लावायचा. दुसरीने पहिला प्रश्न विचारायचा, "पट्टी काढलीस?" नसेल तर आधी जवळचा दवाखाना, असेल तर घड्याळ बघत बसायचं आणि दर दोन मिनिटांनी किती झाली ते सांगायचं. धीर द्यायचा नाही, देवाचं नाव नाही, नुसती मिनिटं. विसाव्या मिनिटाला बाई म्हणायच्या, "उतरलं मेलं." मग दमून त्यांना तिथल्या तिथे झोप लागायची. तीन वर्षं हे असंच चाललं. सुरुवातीला प्रश्न चुकायचा नाही, कुणीही विचारो. नंतर दोघींना आपापले झटके इतके ओळखीचे झाले की प्रश्न गळला. कधी गळला तेही आठवत नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी चारला त्यांचा फोन आला. भाऊ-वहिनी लग्नाला गेले होते, त्या घरी एकट्याच. "आलंय गं. बघ घड्याळ." मी लोणच्याच्या कैऱ्या चिरत होते. फोन स्पीकरवर टाकला आणि मोजायला लागले. दोन झाली, बाई. चार झाली. सहा. दहाव्याला त्या म्हणाल्या, "आज डावा हात फारच जड झालाय, आणि घाम बघ किती." मी म्हटलं, "होतंच ना तसं. तुम्हीच सांगता."

"हो गं बाई, मीच सांगते," असं म्हणून त्या हसल्या.

बारा झाली. चौदा झाली, तेव्हा नुसता हुंकार आला. सोळाला तोही नाही. मी मोजत राहिले. "वीस झाली, बाई. उतरलं?" उत्तर नाही. मला वाटलं, लागली झोप नेहमीसारखी. बरं वाटलं मला. खरंच बरं वाटलं! झोपमोड नको म्हणून मी हळूच फोन बंद केला आणि उरलेल्या कैऱ्या चिरल्या, मीठ-हळद लावून ठेवल्या.

सहाला भाऊ घरी आला. त्याला त्या खुर्चीतच सापडल्या. नौपाड्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयविकाराचा झटका. आयुष्यभर लोकांच्या पट्ट्या काढलेल्या बाईंनी त्याला भीती समजून वीस मिनिटं द्यायचं ठरवलं, आणि ती वीस मिनिटं मी मोजून दिली. त्यांच्या घराच्या पलीकडच्या रस्त्यावर हॉस्पिटल आहे. शेजारी घरात होते. कल्याणचे डॉक्टर म्हणतात, तुमची चूक नाही, तेवढ्या वेळात काय झालं असतं कोण सांगणार. त्यांचं ऐकते मी. पटत नाही.

आता मला झटका आला की मी नौपाड्यात जाते. पडद्यामागे नवी मुलगी असते. ती म्हणते, "मॅडम, परत? सगळं नॉर्मल असतं हो तुमचं." मी म्हणते, "काढ गं तू." आणि शाळेतल्या एक बाई आहेत, त्यांचंही माझ्यासारखंच आहे, त्या फोन करतात. घड्याळाकडे बघायच्या आधी मी त्यांना विचारते, पट्टी काढलीत? त्या वैतागतात, म्हणतात, दर वेळी काय तेच! वैतागू देत.

दोन शब्दांचा प्रश्न आहे. विचारायला किती वेळ लागतो? त्या रविवारी मी तो विचारला नाही. मी कैऱ्या चिरत होते.