पदरावरची नदी

ज्या कादंबरीचा शेवट कुणी वहिनीसमोर बोलू नये म्हणून मी तीन वर्षं घरात पहारा दिला, तो शेवट मीच साडीच्या पदरावर छापला आणि खडे चिकटवायला तिच्याकडेच पाठवला.

आता हे हसत सांगतो. मी आधी हसलो नाही तर समोरचा हसतो, आणि ते जास्त लागतं.

मी सुरतेत साड्यांचा डिझायनर आहे. गावाकडे धुळ्याला हा शब्द ऐकून लोक खुर्ची देतात. खरं काम असं, की सिनेमाचा ट्रेलर सकाळी आला तर हिरोइनची साडी संध्याकाळपर्यंत माझ्या कॉम्प्युटरवर उतरलेली असते आणि आठवड्याच्या आत रिंग रोडच्या मार्केटात थप्पीने लागते. फूल इकडचं, वेल तिकडची, रंग शेठच्या बायकोच्या आवडीचा. बारा वर्षं हेच करतो आहे.

आणि मी भक्त आहे. देवाचा नव्हे, एका लेखकाचा. त्याची पाच भागांची कादंबरी आहे. एका राज्यातून रातोरात नदी नाहीशी होते आणि तिथली राणी ती शोधायला निघते. चार भाग ती नुसती चालते. वाळूचे राक्षस येतात, बोलणाऱ्या विहिरी येतात, एक आंधळा नावाडी येतो. पाचव्या भागाच्या शेवटच्या पानावर... पण ते पुढे. तर या कादंबरीवर हिंदीत सिनेमा निघतोय असं कळलं, तेव्हा आम्ही सुरतेतल्या अकरा वाचकांनी मोबाइलवर एक ग्रुप काढला. मी त्याचा मुख्य. राणीचं काम कोण करणार, वाळूचे राक्षस कसे दाखवणार, यावर आम्ही घरच्या लग्नासारखे भांडायचो. उधन्याच्या एका मास्तरांनी एकदा बोलता बोलता शेवट लिहून टाकला, तर मी त्यांना ग्रुपमधून काढलं. वर चार ओळींचं खरमरीत पत्रही लिहिलं, की तुम्हाला दुसऱ्याच्या आनंदाची किंमत नाही. मास्तर साठीचे होते.

हे कडक धोरण वहिनीमुळे आलं होतं, ग्रुपवरची भांडणं ती माझ्या मोबाइलवर वाचायची. लिंबायतमध्ये आमचं घर दोन मजली आहे. खाली दादा-वहिनी, वर आम्ही. वहिनी घरी बसून साड्यांना खडे लावण्याचं काम घेते. दुपारी गल्लीतल्या चारपाच बायका तिच्या खोलीत जमतात, मध्ये साडी पसरतात, आणि टोकाला मेण लावलेल्या काडीने एकेक खडा उचलून चिकट गमच्या थेंबावर ठेवतात. हात चालू असतो तेव्हा तोंड रिकामं असतं. वहिनीने माझ्याकडून पहिला भाग वाचायला नेला आणि दुपारी त्या बायकांना गोष्ट सांगायला सुरुवात केली. अहिराणीत. मूळ पुस्तकात राणी फार शुद्ध बोलते, पण वहिनीची राणी राक्षसाला थेट आमच्या गल्लीतल्या शिव्या देते. मला विचाराल तर तीच जास्त शोभते.

चार भाग असे संपले. पाचवा मात्र तिने उघडला नाही. माझ्यासमोर तो कपाटात ठेवला आणि सांगितलं, शेवट थेटरात बघायचा. मी जरा हसलो, तर तिने कारण सांगितलं. लहानपणी ती गावात शेजारच्या टीव्हीवर सिनेमे बघायची आणि शेवटाच्या वेळेला नेमकी लाइट जायची. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगायचं, मग काय झालं ते. लग्नानंतर दोनदा थेटरात गेली, दोन्ही वेळा लेकरू रडलं म्हणून उठावं लागलं. आता लेकरं मोठी झाली. "एक तरी शेवट मला कुणी न सांगता दिसू दे," म्हणाली. बायकांनीही ठरवलं, सगळ्या मिळून जायचं. त्या दिवसापासून मी पहारेकरी झालो. दादा काही बोलायला लागला तरी मी मध्ये खोकायचो.

मग शेठने मला बोलावलं. पिक्चर यायच्या आधी माल मार्केटात पाहिजे, म्हणाला. मी म्हटलं, शेठ, ट्रेलरच नाही, कापी कशाची करू? सिनेमाचं एकच पोस्टर आलं होतं. काळं, आणि मध्ये नुसतं नाव. शेठ म्हणाला, तू तर पुस्तक वाचलंय ना, बनाव ने भाई.

बारा वर्षांत पहिल्यांदा समोर दुसऱ्याचं काही न ठेवता मी बसलो. दोन दिवस स्क्रीन कोरा. तिसऱ्या दिवशी जे सुचलं ते शेवटचं पान. राणी डोंगरावर उभी राहते, केस मोकळे सोडते, आणि त्या केसांचीच नदी होते. ती ज्या नदीला शोधत होती ती तीच. मी पदरभर डोंगर काढला, केस काढले, केसांत लाटा, लाटांत आंधळ्या नावाड्याची होडी. माझ्या हातून इतकं देखणं कधी उतरलं नव्हतं. शेठ खूश झाला. फाइलला नंबर पडला. आमच्याकडे नंबर पडला की गोष्ट संपते, माल सुरू होतो. मीसुद्धा त्या डिझाइनला नंबरानेच ओळखायला लागलो, पदरावर काय काढलंय ते डोक्यातून गेलं. पाण्यावर निळे खडे हवे होते, आणि ते लाटेच्या वळणाने बसले पाहिजेत म्हणून मीच ऐटीत सांगितलं, हा माल आमच्या वहिनीकडे टाका, तिचा हात साफ आहे.

संध्याकाळी घरी आलो तर खालच्या खोलीत नेहमीचा गलका नव्हता. साडी पसरलेली होती. बायका भोवती बसल्या होत्या. अर्ध्या नदीला खडे लागून झाले होते. म्हणजे वहिनीने आपल्या हाताने, एकेक खडा ठेवत, शेवट वाचला होता. काम अंगावर घेतलेलं, थांबवता कुठे येतं. शेजारची म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "आते काय देखानं ऱ्हायनं?"

आता बघायचं काय उरलं. मला तिथेच खाली बसून माफी मागता आली असती. मी काय केलं, तर हसलो. म्हणालो, छे हो, शेवट वेगळाच आहे, हे तर माझ्या डोक्यातलं. शेठला काहीतरी दाखवायला बनवलं.

बायकांचे चेहरे उजळले. वहिनीने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि बायकांना म्हणाली, ऐकलं ना, भाऊजींच्या डोक्यातलं आहे. मग पुढचा खडा उचलला.

मी सुटलो असं मला वाटलं, दोन दिवस. नंतर जिन्यावरून उतरताना रोज आवाज यायचा. कोण म्हणे नावाडीच नदी गिळून बसला असेल, कोण म्हणे राणीला शेवटी लेक होईल. वहिनी सगळ्यांना हो हो म्हणायची. माझ्या एका खोट्यावर पाच बाया पुन्हा वाट बघायला लागल्या होत्या, आणि सिनेमात ती नदी येणारच होती. मी खाली चहाला जायचं बंद केलं. ग्रुपवर मास्तरांची माफी मागितली, त्यांना परत घेतलं. ते "आभारी आहे" म्हणाले, त्याने आणखीच मेल्यासारखं झालं.

शेवटी एका रविवारी, वहिनी एकटी भांडी लावत होती तेव्हा, दारात उभं राहून सांगून टाकलं. वहिनी, मी खोटं बोललो. पदरावर आहे तोच शेवट आहे.

तिने ताट पुसून मांडणीत ठेवलं.

"ते मला त्याच दिवशी कळलं. त्या बाया तरी थेटरात दचकतील, म्हणून मी गप्प आहे. तुम्हीही गप्प राहा."

मी विचारलं, कळलं कसं? मी तर सरळ तोंडाने बोललो होतो.

"भाऊजी," ती म्हणाली, "एवढं तुमच्या डोक्यातून निघत असतं, तर बारा वर्षं दुसऱ्यांच्या साड्या कापी करत बसला असता का?"