तीन पिशव्या कांदे आणि नानांसाठी घर

जूनमध्ये नाना न्हाणीघरात पडले आणि दूधवाला येईपर्यंत दोन तास तसेच पडून राहिले. नाना म्हणजे माझे वडील, वय शहात्तर, सटाण्याजवळच्या मळ्यात एकटे राहतात. आई नाही. मी एकुलती एक, पुण्यात दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. नानांचं मनगट जुळून आलं, पण अनोळखी नंबर दिसला की मी आधी नानांना फोन लावायचे, ते काही थांबलं नाही. शेवटी गणपती झाल्यावर नाशिकमधली तीन ज्येष्ठ निवासं बघायचं ठरलं. नाना एवढंच म्हणाले, बघायला काय जातं.

मी एकतीस प्रश्नांचा कागद घेतला. नानांनी उन्हाळी कांद्याच्या तीन पिशव्या घेतल्या. पहिल्यांदा कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही हे आमच्या घरचं शिक्षण, त्यामुळे मी वाद न घालता दोन पिशव्या उचलल्या.

सकाळची लवकरची एसटी पकडा. देवळा, पिंपळगाव करत नाशिकला तीनेक तास लागतात. पंचाहत्तरीपुढे तिकीट नाही आणि बायकांना अर्धं, म्हणजे दोघांचा प्रवास अर्ध्या तिकिटात झाला. आधार कार्ड हाताशी ठेवा. मी दोनदा तपासून ठेवलं होतं, तरी कंडक्टर समोर आल्यावर सापडेना.

पहिलं ठिकाण इंदिरानगरला. लिफ्ट, रात्रंदिवस नर्स, न्हाणीघरात धरायला दांड्या, उंबरा कुठेच नाही. जेवणासकट महिना अठ्ठावीस हजार. माझ्या कागदावर एकोणतीस बरोबरच्या खुणा झाल्या. नानांनी मात्र पिशवी दिली आणि कांदा कुठे ठेवता ते दाखवा म्हणाले. मी फरशीकडे बघत राहिले. व्यवस्थापकांनी हसून कोठीघर दाखवलं. जाळीच्या मांडणीवर कोरडे, एकसारखे कांदे. नानांनी मान डोलावली.

"काका, इथं तुम्हाला काडीसुद्धा हलवावी लागणार नाही," व्यवस्थापक म्हणाले. नाना खिडकीबाहेर बघायला लागले.

गंगापूर रोडवरचं दुसरं ठिकाण हॉटेलसारखं निघालं. दर ऐकून मी पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत. कांद्याची पिशवी वॉचमनने गेटवरच ठेवून घेतली. तिथून जवळच मिसळ खाल्ली. तिखट सोसत नसेल तर तर्री वेगळी मागा. नानांनी बरोबर आलेला कांदा वास घेऊन बाजूला सारला.

तिसरं ठिकाण धरणाच्या बाजूला, बैठं घर, राहणारे चौदा जण. रिक्षा परत मिळत नाही, आलेलीच थांबवून ठेवा. डॉक्टर आठवड्यातून दोनदा. न्हाणीघरात दांडी नाही, शिवाय शेवाळ. मी मनातल्या मनात काट मारली आणि बाहेर आले, तर नाना गायब.

ते स्वयंपाकघरामागच्या खोलीत सापडले. सडक्या कांद्याचा वास दारापर्यंत येत होता. तिसरी पिशवी शेजारी ठेवून नाना पाटावर बसून गोणी उपसत होते आणि स्वयंपाक करणाऱ्या सुमनताई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"निवडा बाबा, मला कुठला वेळ. पण चांगला फेकू नका हां."

"बाई, चांगला कांदा फेकणारा माणूस तू अजून बघायची शे," नाना म्हणाले. आमच्याकडे आहेला शे म्हणतात.

तासभर हे चाललं. सुमनताईंनी मध्येच एक कांदा टाकाऊ टोपलीतून परत काढला, नानांनी तो दाबून मऊ पडलेला दाखवला आणि सुमनताईंनी तो गुपचूप फेकून दिला. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

परतीच्या एसटीत मी इंदिरानगरचं बोलायला लागले. नाना म्हणाले, "चांगलं शे ते. पण माय, तठे समदं निवडेल व्हतं."

सगळं आधीच निवडलेलं होतं. मी कागद घडी करून ठेवला. पण ते दोन तास मला विसरता येत नाहीत, म्हणून मी हट्ट धरला: धरणाजवळच्या घरी जायचं, पण दांडी बसेपर्यंत आणि शेवाळ निघेपर्यंत नाही, आणि पहिला महिना फक्त राहून बघायचं. नानांनी मान्य केलं. पिंपळगाव येईपर्यंत मी तेच तीन वेळा वदवून घेतलं.

तुम्ही अशा फेरीला निघालात तर कागद न्याच. पण आईवडिलांना तासभर मोकळं सोडा आणि ते कुठे सापडतात ते बघा.

आज तिथून दांडीचा फोटो आला, तेव्हा मी मळ्यावरच होते. मी तो मोठा करून स्क्रू मोजले, सहा आहेत. नानांना दाखवायला गेले तर ते पिशवी भरत होते. कपडे अजून खाटेवरच होते. बसायचा पाट मात्र आधी आत गेला होता.