दाखवण्याची परवानगी

माझ्या हट्टीपणाबद्दल घरात आणि बाहेर पुष्कळ बोललं गेलंय. त्यातलं निम्मं खरं आहे. पण त्या एका हंगामात मी ज्या कागदासाठी हट्ट धरला, तो कागद माझ्याच घराच्या दारात येऊन उभा राहील, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

बाहत्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. इस्लामपुरात टायपिंग शिकून मी एका साखर कारखान्याच्या गट ऑफिसात कारकून म्हणून लागले. गट ऑफिस म्हणजे रस्त्याकडेच्या तीन खोल्या. सहा गावांच्या उसाचा कारभार तिथून चाले आणि त्यातलं एक गाव माझंच. बाईमाणूस मी एकटी. पहिले दोन महिने लोक खिडकीत यायचे, मला बघायचे आणि "कोन हाय का आत?" म्हणून विचारायचे. मी म्हणायची, मी आहे की. तरी ते मान उंच करून मागे बघत राहायचे.

ऑफिसात दोन मोठ्या वह्या होत्या. पहिली लागणीची. कुणी किती ऊस कुठल्या तारखेला लावला, हे तिच्यात. ती एका पेन्शनर सुभेदारांच्या ताब्यात असायची. पलटणीतून आल्यावर ते कारखान्यात लागले होते आणि वही बंदुकीसारखी जपत. दुसरी वही तोडीची. कुणाला कुठल्या दिवशी ऊस तोडायची चिठ्ठी गेली, हे तिच्यात. ती होती भाऊसाहेबांकडे, म्हणजे आमच्या हेडक्लार्ककडे. माणूस गोड बोलणारा, पान खाणारा आणि माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, ओळखीचा, म्हणून मला 'पोरी' म्हणायचा. ज्याने आधी लावला त्याचा आधी तोडायचा, हा नियम. म्हणजेच पाळी. पण लागण एका वहीत, तोड दुसऱ्या वहीत, आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघायचा कुणाला रिवाजच नव्हता. त्यामुळे पाळी पाळी म्हणत सगळे, आणि पाळी कुणालाच दिसत नसे.

दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, शेजारच्या गावची एक बाई खिडकीत यायची. नवरा फौजेत, काश्मीरकडे कुठेतरी. सासूसासरे नाहीत. सव्वा एकर आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा, ऊस तिने एकटीने सांभाळला होता. मी तिला वैनी म्हणायची.

"भाऊसाब, माजी तोड कवा?"

"येईल की पाळीनं," भाऊसाहेब पान लावत म्हणायचे.

संक्रांत झाली तरी तिची तोड आली नाही. उसाला तुरा आला. तुरा आला की उसाला आतून दशी पडते, पोकळ होतो, वजन निघून जातं. एका मंगळवारी ती खिडकीतून हलेचना. मीच बाहेर गेले.

"पुढल्या पंधरवड्यात मालक रजेवर येनार हाईत," ती म्हणाली. "दिरानं पत्र घातलंय त्येनला. बाईमानसाला शेती न्हाई जमत, रान मला कसायला द्या म्हून. ऊस उभा वाळल्याला बघितला की मालक देतील दिराला. मंग मी काय करू, त्येच्याच बांधावर मजुरीनं जाऊ?"

ती रडत नव्हती, संतापली होती. मला तिचा तो संताप फार आवडला, कारण माझाही तसाच आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी जेवणाच्या सुट्टीत दोन्ही वह्या बघायला लागले. कारखान्याच्या शेती खात्यातल्या कुणालाही कुठलीही वही बघायला मुभा होती, तसा जुना आदेश भिंतीवर लावलेला होता. पाच दिवसांत मी एक लांबलचक कागद तयार केला. डावीकडे नाव, मग लागणीची तारीख, मग तोडीची तारीख. नावं लागणीच्या क्रमाने. कागद बोलायलाच लागला. वैनीची पाळी कधीच होऊन गेली होती आणि तिच्यामागून लावलेल्यांचे ऊस गाळून मोकळे झाले होते. माझ्या गावाचं पान मात्र मी मुद्दाम घेतलं नाही. आपल्या गावाचं आपण कशाला, उद्या कुणी म्हणेल पोरगी घरचं घोडं पुढे दामटतेय. मला हा माझा फार मोठा प्रामाणिकपणा वाटला होता.

कागदाखाली सही करून मी तो बाहेरच्या फळ्यावर लावला. तासाभरात भाऊसाहेबांनी काढला आणि मला गट ऑफिसच्या साहेबांसमोर उभं केलं. साहेब पुण्याकडचे होते, शांत बोलायचे.

"कुणाच्या परवानगीनं केलंत?"

"आदेश आहे साहेब. खात्यातल्या सगळ्यांना वही बघता येते."

"खात्याला येते. तुम्हाला नाही."

मला कळेना. मी खात्यातच तर होते.

"बाई, तो आदेश खुर्चीला आहे. उद्या तुमची बदली झाली तर बघण्याचा अधिकार इथंच राहील आणि तुम्ही जाल. मग तुमच्या सहीच्या या कागदाला आधार काय? बघून तोंडी सांगा, कोण अडवत नाही. पण वहीवरून आपला कागद उभा करायचा तर ज्याची वही त्याची परवानगी, तुमच्या नावानं, लेखी."

मला फार राग आला. आणि त्याहून राग याचा, की तो माणूस बरोबर होता.

मी दोन अर्ज लिहिले. सुभेदारांनी त्यांचा अर्ज उभ्याउभ्या वाचला. "बेटी, लेखी मागितलंस, लेखी घे," म्हणाले आणि चार ओळींत परवानगी देऊन टाकली. भाऊसाहेबांनी माझा अर्ज वहीखाली ठेवला. रोज सकाळी मी विचारायची, रोज ते म्हणायचे, "बघतो की पोरी, कुटं पळून चाललंय?" चौथ्या दिवशी मी माझी खुर्ची उचलून त्यांच्या टेबलासमोर नेऊन ठेवली आणि तिथेच बसून कामाला लागले. लोक खिडकीतून बघायला लागले. दुपारी त्यांनी चिडून लिहून दिलं, वही पाहण्यास व उतरवून घेण्यास हरकत नाही.

मी नवा कागद केला, वर पाळी सोडून ऊस गेलेले आणि खाली पाळी चुकलेले, दोन्ही परवानग्या मागे टाचल्या आणि साहेबांकडे नेला. त्यांनी पुढून वाचला, मागून वाचला.

"आता हा कागद तुमचा. ठेवा ड्रॉवरमध्ये."

"फळ्यावर लावायचाय."

"बघायची परवानगी मिळाली आहे तुम्हाला, उतरवायची मिळाली आहे. दुसऱ्याला दाखवायची कुठे आहे? त्यांच्या वहीतलं तुम्ही चार लोकांना दाखवणार, तर तसं त्यांनी म्हणायला हवं."

मी बाहेर आले आणि नळावर जाऊन तोंड धुतलं, नाहीतर काय बोलले असते कुणास ठाऊक. वैनीच्या मालकाच्या रजेला सहा दिवस उरले होते. सुभेदारांना सांगितलं. त्यांनी आपलाच कागद परत मागून त्यावर एक ओळ वाढवली, 'व इतरांस दाखविण्यास.' तारीख घातली, सही केली, कुठे चुकलो तर सांग म्हणाले.

भाऊसाहेब मात्र हसले. दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरी, तुज्या कागदात पाच गावं हाईत. सहावं कुटं गेलं?"

"माझं गाव आहे ते. म्हणून नाही घेतलं."

"म्हनून न्हाई घेतलंस. बरं झालं की. तुज्या आबाचा ऊस पाळी सोडून गेलाय, एकोनीस दिस आधी. वही समोर हुती, बघितलं न्हाईस व्हय?"

खरंच बघितलं नव्हतं. घरचा ऊस गेला, लवकर गेला, बरं झालं, एवढंच मला माहीत होतं. पोरगी ऑफिसात आहे म्हणून गेला, हे डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. 

"दाखवायची परवानगी देतो," भाऊसाहेब म्हणाले. "पर सहा गावांची. एक बी वगळायचं न्हाई. बोल, लिहू?"

त्यांची खात्री होती, मी मागे सरणार. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही वाटलं, जाऊ दे. वैनीचं काम तोंडी सांगून, पाया पडून होईल की. पण कित्येक मंगळवार ती तोंडी सांगूनच थकली होती ना. आणि आत्ता जर मी गप्प बसले असते, तर आयुष्यभर या माणसासमोर मान खाली घालून चहा प्यावा लागला असता.

"लिहा," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उतरला. पण बोलून गेले होते. त्यांनी लिहिलं. सहावं गाव मी त्याच दुपारी कागदावर चढवलं.

त्या दिवशी घरी गेल्यावर आबा गोठ्यापुढे वैरण कापत होते. मी पिशवीसुद्धा ठेवली नाही.

"आबा, तोड तुमी मागितली व्हती का?"

"न्हाई. भाऊसाबच म्हनला, पोर आमच्यात हाय तुमची, घेऊन टाका. तोडकऱ्यांची टोळी आली दारात. मी न्हाई म्हनालो न्हाई."

"उद्या फळ्यावर तुमचं नाव लागंल. पाळी सोडून तोड घेतलेल्यांत. एकोनीस दिस, म्हून सगळ्यांच्या वर."

आबांनी विळा खाली ठेवला. "बापाचं नाव लावतीस?"

"सगळ्यांचं लावतीय. तुमचं एकट्याचं काढून कसं लावू?"

रात्री ते जेवायला बसले नाहीत. मीही बसले नाही. आई दोघांच्या ताटांकडे बघत राहिली आणि मग तिने ताटं उचलली.

सकाळी मी कागद फळ्यावर लावला. मंगळवार होता. दहा वाजेपर्यंत खिडकीपुढे तीस-चाळीस माणसं जमली. कोण वाचतंय, कोण हसतंय, कोण माझ्याकडे बोट करतंय. मी टाइपरायटरवर एकाच ओळीत चार चुका केल्या. वैनी आली. तिला वाचता येत नव्हतं. तिने शेजारच्या माणसाचा सदरा ओढला आणि म्हणाली, "आवं दाजी, काय लिवलंय तेवडं वाचून दावा की."

तो माणूस वळला. आबा होते. मला न सांगता निघून आले होते, धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला फेटा बांधून, जसे ते फक्त लग्नाला जातात.

त्यांनी फळ्याकडे बघितलं. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला लागले.

"पैलं नाव माजं हाय. पाळी नसताना एकोनीस दिस आधी ऊस नेला मी. दुसरा आमच्या वरल्या आळीचा. तिसरा नदीकाठचा." त्यांचं बोट खाली आलं. "आनि हितं, खाली, ज्येंची पाळी चुकली त्येंच्यात तुमचं नाव पैलं हाय, बाई. तुमची तोड राह्यलीया. माजी टोळी तुमच्याकडं जायची हुती."

 वैनीने आबांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं आता ही तोंड सोडणार, आणि तिने सोडलं असतं तर मला चाललं असतं.

"मंग आता सायबाला सांगा की तसं," ती म्हणाली.

आबा तिला घेऊन आत आले. माझ्या टेबलाजवळून गेले, माझ्याकडे बघितलं नाही. साहेबांच्या दारात उभे राहून त्यांनी तेच सगळं पुन्हा सांगितलं. साहेब बाहेर आले, फळा बघितला, मागे टाचलेले कागद उलटून बघितले. सुभेदारांची ओळ, भाऊसाहेबांची ओळ. मग भाऊसाहेबांना म्हणाले, "यांच्या तोडीची चिठ्ठी फाडा. उद्याची."

मला रडू फुटलं. टाइपरायटरवर डोकं टेकून, सगळ्यांदेखत मी रडले. सुभेदारांनी पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला.

बुधवारी टोळी तिच्या फडात शिरली. वजन बरंच गेलं होतं, पण ऊस कारखान्यावर गेला. रविवारी तिचा नवरा आला तेव्हा रानात पाचट पसरलेलं होतं आणि ती खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून फुटणाऱ्या उसाला, पाणी देत होती. दिराचं पत्र त्याच्या खिशात होतं, ते तिथेच राहिलं. पुढच्या मंगळवारी ती खिडकीत आली आणि आत न बघता थेट मलाच म्हणाली, "खोडव्याची नोंद घाला. आनि नाव माजं लिवा, मालकांचं नगं. त्येनलाच इचारून आलीय."

त्या दिवशी मी आबांना घरी जाऊन हे सांगितलं. आठवड्याभरात आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "तिची पाळी कितवी लागंल पुढल्या साली?"

मी म्हणाले, अजून ठरली नाही.

"ठरली की सांग," आबा म्हणाले. "माजी तिच्या मागं आली तरी चालंल. पर खरी आली पायजे."