रुखमाबाईची रोटी आणि चुकलेलं विमान

आमच्या गावाला विमान माहीत होतं ते एवढंच, की ते डोक्यावरून जातं आणि त्याचा आवाज मागाहून येतो. ते चुकतंही, हे आम्हाला त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात कळलं.

रुखमाबाई माझी सख्खी आत्या, आणि लग्नानंतर सासू. राळेगावजवळच्या आमच्या खेड्यात तिच्या हातच्या लांब रोटीला तोड नव्हती. गव्हाचं सैल पीठ ती हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद सोडायची. तिच्याकडे बघून शिकताना मी किती पीठ चुलीत घातलं ते विचारू नका. पण त्या रोटीचं कौतुक आमच्या वस्तीपुरतंच. वेशीच्या आतला कोणी तिच्या हातचं पाणीसुद्धा पीत नव्हता. उलट लोकांच्या दारात उभं राहून शिळंपाकं पदरात घेण्यातच तिची अर्धी उमर गेली होती. छप्पन साली ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली आणि त्यानंतर कुणाच्या दारात गेली नाही. उपाशी राहीन म्हणाली, आणि राहिलीही.

वस्तीने घरोघरून विटा जमवून विहार बांधला. उद्घाटनाला सिलोनचे एक भिक्खू यायचं ठरलं. कोलंबोहून मद्रास, मद्रासहून नागपूर असे विमानाने, आणि पुढे आमच्यासारखेच एस.टी.ने. त्यांना पहिलं जेवण कोणी द्यायचं यावरून बैठकीत चांगलीच जुंपली. आत्या कधी बैठकीत बोलत नसे. त्या दिवशी उठून उभी राहिली.

"जलमभर मी घेतलं," ती म्हणाली. "आता एक डाव मले देऊ द्या."

वस्तीतले वडीलधारे मारोतीबुवा म्हणाले, "देऊ द्या तिले." वाद तिथेच मिटला.

भंतेजींना आणायला तिचा मुलगा भीमराज नागपूरला गेला. भीमराज म्हणजे माझा नवरा, शाळेत मास्तर. तेव्हा मी त्याचं नाव घेत नसे, आता घेते. ठरल्या दिवशी आत्या पहाटेपासून चुलीपुढे बसली. रोट्या झाल्या, वरण झालं, वांग्याची भाजी झाली. एस.टी. आली आणि गेली, त्यातून कोणी उतरलं नाही. संध्याकाळी भीमराजची तार आली. कोलंबोचं विमान मद्रासला उशिरा उतरलं, तोवर नागपूरचं उडून गेलं होतं, आता उद्या येऊ.

विमान चुकलं म्हणजे काय, यावर पारावर बराच काथ्याकूट झाला. शेवटी मारोतीबुवांनी सोडवलं. "कळंबले आपली गाडी नाही का चुकत? राळेगावची उशिरा गेली, का यवतमाळवाली निंगून गेली. तसंच ते."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, आणि पटताच अंगावर काटा आला. ढगांच्या वरून, समुद्र ओलांडून येणारा माणूसही शेवटी आपल्यासारखाच गठुडं घेऊन पुढच्या गाडीची वाट बघत बसतो. मी किती तरी वेळ आभाळाकडे बघत राहिले. आत्याला मात्र दुसरीच चिंता पडली होती.

"मद्रासले त्याहिले कोनी पानी तरी इचारलं असन का?"

पहिल्या दिवशीच्या रोट्या वस्तीतल्या पोरांनी फस्त केल्या. दुसऱ्या दिवशी आत्याने उसनं पीठ आणून पुन्हा सगळं रांधलं. सूर्य माथ्यावर आला आणि कलला, तरी एस.टी.चा पत्ता नाही. सावल्या लांबायला लागल्या तेव्हा ती आली. भीमराज पुढे पळत विहारापुढच्या मांडवात शिरला. त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"भंतेजी दुपार कलल्यावर जेवत नाहीत," तो म्हणाला. "नेमच आहे त्याहिचा."

सात वर्षं आम्ही बौद्ध होतो, पण भिक्खू जेवताना पाहिला होता कोणी? भीमराजलाही ते एस.टी.तच कळलं होतं. वर्ध्याला त्याने केळी पुढे केली, तर भंतेजी म्हणाले, तुझ्या आईने माझ्यासाठी रांधलंय ना, मी तिथेच जेवीन. वर्धा सोडल्यावर टायर फुटलं, आणि दुसरं चाक बसवेपर्यंत दुपार टळली. भंतेजी कालपासून उपाशी होते, आणि ते आत्याच्या रोटीसाठी.

"दोन घास खाऊन घ्या म्हना," मारोतीबुवा हळूच म्हणाले. "आमी कोनाले सांगत नाही."

आत्या एकदम बिघडली. "काहून? माह्या रोटीपाई त्याहिनं नेम मोडावा? मंग ते भंते कायचे, अन् मी दान देनारी कायची?"

तेवढ्यात भगव्या चिवरातले भंतेजी मांडवात आले, धुळीने पार माखलेले. आत्या उठली. उन्हातून आलेल्या कुणालाही द्यायची तेच तिने आणलं, गुळाचा खडा आणि माठातलं तांब्याभर पाणी. भीमराज तिला अडवायला धावला, पण भंतेजींनी दोन्ही हात पुढे केले होते. थकलेल्या भिक्खूला दुपारनंतरही गूळ-पाणी चालतं, हे त्यांनी मागाहून सांगितलं. तेव्हा आम्ही नुसते बघत होतो. एवढ्या दुरून, आभाळातून आलेला माणूस आमच्या माठाचं पाणी घटाघटा पीत होता. तांब्या संपला आणि त्यांनी आणखी मागितलं. मला रडू फुटलं.

विहार उघडला, वंदना झाली. पण एक दिवस वाया गेला होता आणि त्याच रात्रीच्या विमानाने भंतेजींना दिल्लीला निघायचं होतं. भीमराज त्यांना पोचवायला निघाला, तशी आत्याने धुतलेल्या फडक्यात रोट्या बांधून त्याच्या हातात ठेवल्या.

"माय, रात्री ते जेवत नाहीत," भीमराज वैतागला. "उद्याचं अन्न त्याहिले जवळ ठेवता येत नाही."

"तुले येते ना? ठेव तुह्यापाशी. इमानाचा काय भरोसा? एक डाव चुकलं, तं अजून चुकन."

दुसऱ्या दिवशी भीमराज दिवेलागणीला परतला. आत्या चुलीपाशी होती, मी पीठ चाळत होते. तो आमच्यासमोर उकिडवा बसला.

विमान रात्री आलंच नाही, त्याने सांगितलं. कुठेतरी यंत्रात बिघाड झाला होता. रात्रभर कोटवाले साहेब तिथल्या कारकुनाशी भांडत होते. भंतेजी तेवढे बाकावर शांत बसून होते. उजाडल्यावर भीमराजने फडकं सोडलं आणि त्यांच्या हातात रोटी ठेवली. त्यांनी ती सगळी खाल्ली. मग त्याच्या आईचं नाव विचारलं, ते नीट म्हणता येईपर्यंत घोकलं, आणि तिच्या नावाने आशीर्वादाची गाथा म्हटली.

आत्याने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"म्हनजे इमानाले उशीर झाला?"

"झाला, माय. लय उशीर झाला."

"बरं झालं बाप्पा," ती म्हणाली आणि पदराने डोळे टिपले.

त्यानंतर कळंबच्या स्टँडवर गाडी चुकली आणि आम्ही ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडायला लागलो, की आत्या तेवढी गठुड्यावर निवांत बसलेली असायची.

"बसा ना गुमान," म्हणायची. "कोनाची तरी रोटी पोचून राह्यली असन."