दीडशे वर्षांपूर्वीची बायको आणि आमचा पुढचा शनिवार

मैत्रिणींनो, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

आज सकाळी आमच्या कोतो भागातल्या लायब्ररीत आमचा वाचनगट भरला. आम्ही चौघी, सगळ्या नवऱ्याच्या नोकरीमुळे जपानात आलेल्या. आज एकोणिसाव्या शतकातली एक अमेरिकन कथा वाचली. त्यातली बायको नवऱ्याच्या परवानगीशिवाय शेजारच्या गावातल्या बहिणीलाही भेटू शकत नाही.

मी जाम चिडले. म्हटलं, "विचारायचंच कशाला? टोपी घालायची नि निघायचं!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग पुढची भेट ठरवायला घेतली. शनिवारी, जवळच्याच इचिकावा शहरात, नदीकाठी.

मुग्धा म्हणाली, "ह्याला विचारून सांगते." दुसरीही तेच म्हणाली, तिसरीही. आणि मीसुद्धा!

मुग्धाच्या सासूबाई सासरे वारल्यानंतर पहिल्यांदाच पुण्याहून आल्यात; आज तिच्यासोबत त्याही गटात येऊन बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी येणार गं. हे गेल्यापासून मला कोणाला विचारावं लागत नाही."



घरी येऊन मी नवऱ्याला विचारलंच. लॅपटॉपमधून डोकं वर न काढता तो म्हणाला, "अगं, जा की. त्यात विचारायचं काय?"

चांगला आहे हो तो. पण शुक्रवारी ऑफिसची पार्टी आहे, यायला उशीर होईल, हे त्याने मला नुसतं सांगितलं होतं.

तुम्ही घरी सांगता की विचारता? खरंखरं लिहा. आणि नवऱ्याला न विचारता लिहा.