गेलेन्चेर बार्नाबाशचं शून्य

आमच्या तिसाहालोम गावात गेली नऊ वर्षं एक गोष्ट सांगितली जाते. गेलेन्चेर बार्नाबाशने हँडबॉलच्या चषकाच्या सामन्यात, शेवटच्या सेकंदाला, बुडापेश्तच्या संघावर गोल मारला आणि आमच्या कारखान्याच्या संघाला जिंकून दिलं. काहीजण त्यात 'तोही डाव्या हाताने' अशी भर घालतात. गोष्ट साफ खोटी आहे. हे मी इतक्या खात्रीने सांगू शकते, कारण ती मीच उठवली. डावा हात मात्र माझा नाही, तो बेकरीवालीने जोडला.

माझं केस कापायचं दुकान बार्नाच्या कुंपणाला लागून आहे. एका शनिवारी पलीकडच्या गावची एक बाई माझ्या खुर्चीत बसून आपल्या दिराचे फुटबॉलमधले गोल मोजून दाखवत होती. चाळीस मिनिटं. ऐकून घेण्याची मला सवय नाही. आमच्या गल्लीत खेळाडू एकच, बार्ना, आणि त्याच्या नावावर हँडबॉलचा एकही गोल नाही. म्हणून मी त्याला एक देऊन टाकला. एकच दिला, मी काही हावरट बाई नाही.

आता खरं सांगते. बार्ना बचावाचा माणूस. हँडबॉलमध्ये खेळाडू हवे तितक्या वेळा बदलता येतात, कुणाला विचारावं लागत नाही. समोरचा संघ चाल करून आला की बार्ना आत, चेंडू आपल्याकडे आला की बार्ना बाहेर आणि त्याच्या जागी गोल मारणारा अंब्रुश आत. सुरुवातीला प्रशिक्षकाने त्याला दोन वेळा चेंडू फेकू दिला होता. एक आडव्या खांबाला लागला, दुसरा रेफ्रीला. त्यानंतर प्रशिक्षक म्हणाला, "बार्ना, चेंडू आपल्याकडे आला रे आला, की तू बाकाकडे पळायचंस. मागे वळूनसुद्धा बघायचं नाही." बार्ना चौदा वर्षं पळत राहिला.

त्यातली बारा वर्षं तो कागदोपत्री लोणच्याच्या कारखान्यात फिटर होता, कारण तेव्हा खेळाचा पगार उघड देता येत नसे. कारखान्यात तो वर्षातून एकदा जायचा, नाताळात मिळणारी काकडीची बरणी आणायला. पुढे साम्यवादी राज्य गेलं आणि तो दोन वर्षं ऑस्ट्रियात रीतसर पगार घेऊन खेळला. बार्ना म्हणतो, "तिथे मी परदेशी भाषेत बाकावर बसलो." एकूण सामने तीनशे अकरा, गोल शून्य, रेफ्रीने मैदानाबाहेर हाकललं एकोणीस वेळा. चेंडू हातातून निसटू नये म्हणून खेळाडू बोटांना चिकट राळ लावतात. बाकीच्यांना महिन्याला एक डबी लागायची, बार्नाला एक डबी चौदा वर्षं पुरली. तिच्यात थोडी राळ अजून आहे, हल्ली तो तिने बागेतल्या नळीची गळती बंद करतो. नाक चार वेळा मोडलंय. देशातल्या प्रत्येक मोठ्या खेळाडूच्या कोपराची त्यावर सही आहे, असं तोच सांगतो.

त्याची बायको गिझेला त्या काळी कारखान्यात बरण्यांवर चिठ्ठ्या लावायची. सामन्याला जायची ती बाकाच्या मागच्या रांगेत बसायची, कारण ती जागा फुकट असे. मी तिला एकदा विचारलं, "अगं, एवढे उंच, देखणे गोल मारणारे होते, त्यातून तू हाच कसा निवडलास?"

"ते सगळे पलीकडे धावायचे," गिझेला म्हणाली. "माझ्याकडे धावत येणारा हा एकटाच होता."

यंदा गावात नवीन क्रीडागृह बांधलं. आत जुन्या खेळाडूंच्या जर्स्या टांगायच्या आणि खाली पाटी लावायची, असं ठरलं. ते काम गावसमितीच्या सिल्वेस्तरकडे. तो वही घेऊन बार्नाच्या अंगणात आला तेव्हा मी कुंपणाअलीकडे दुकानाचे टॉवेल वाळत घालत होते. अगदी योगायोगाने.

"बार्नाभाऊ, तुमचा तो गोल कुठल्या सालचा?"

"कुठला गोल?"

"अहो, तो. डाव्या हाताचा."

बार्नाने मान वळवून कुंपणाकडे पाहिलं. "एतेल्का, मी गोल मारला म्हणे."

"हो, मीही ऐकलं."

"कुणाकडून?"

"गावात बोलतात."

"गावात म्हणजे कुणाच्या दुकानात?"

मी टॉवेलचे चिमटे मोजायला घेतले. सिल्वेस्तरला सगळं समजलं आणि त्याचा चेहरा पडला. बिचाऱ्याची अडचण खरीच होती. प्रत्येक पाटीवर नाव, वर्षं, सामने आणि गोल असे चार रकाने होते.

"मग गोलांच्या खाली काय लिहू?"

"शून्य लिही."

"बरं दिसत नाही हो, भाऊ. शेजारी अंब्रुशची पाटी आहे, त्यावर बाराशे आहेत."

खोटं माझं होतं, तेव्हा वाटही मीच काढायला हवी होती. मी कुंपणावरून वाकून म्हटलं, "उद्घाटनाला तुम्हा म्हाताऱ्यांचा सामना आहेच ना? त्यात याला एक मारू द्या. मग लिहा एक, आणि तोही खरा." सिल्वेस्तर आनंदाने उडालाच. बार्ना फक्त 'बघू' म्हणाला.

मला वाटलं, याला काही फरक पडत नाही. चौथ्या दिवशी सकाळी केर टाकायला गेले तर हा परसात उभा. शेडच्या दारावर खडूने चौकोन काढला होता आणि त्यात चेंडू मारत होता. अकरा फेकले, त्यातले चार कोंबड्यांत गेले. मला पाहून त्याने चेंडू पाठीमागे लपवला.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "सहासष्ट वर्षांचा झालो, एतेल्का. एकदा जाळी हललेली बघायचीय."

त्याच्या आवाजात काहीतरी होतं. मी कुणालाही सांगितलं नाही. बेकरीवाली सोडून.

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. बाहेर चरबी लावलेला पाव आणि कांदा वाटत होते, आत पंधरा पोटं जर्स्यांत कोंबलेली. सगळं आधीच ठरलेलं होतं. समोरच्या संघातला एकजण चुकून चेंडू बार्नाच्या हातात देणार, त्यांचा गोलकीपर वेंदेल नेमका तेव्हा बुटाची नाडी बांधायला वाकणार, आणि अंब्रुशने बाकावरून अजिबात उठायचं नाही. अंब्रुशला खबरदारी म्हणून दोन्ही हातांत पाव देऊन बसवला होता.

आठव्या मिनिटाला चेंडू आला. बार्नाने तो दोन्ही हातांनी पकडला. वेंदेल खाली वाकला. समोर मैदान मोकळं, जाळी मोकळी, आणि आम्ही चारशे माणसं श्वास रोखून.

बार्नाने चेंडू शेजारी धावणाऱ्या, आपल्याच संघातल्या दंतवैद्याच्या हातात दिला, वळला आणि बाकाकडे पळत सुटला.

गुडघा दुखत असूनही पळाला. मागे वळूनही पाहिलं नाही. बाकावर येऊन अंब्रुशला ढकलून बसला. अंब्रुश तोंडातला पाव गिळत म्हणाला, "अरे, आज बदली नाहीये." इकडे दंतवैद्य चेंडू हातात घेऊन गोंधळला. मग त्यालाही आपली गोल मारायची जुनी सवय आठवली आणि त्याने तो मोकळ्या जाळीत मारला. वेंदेल अजून नाडीच बांधत होता.

आधी कुणाला काही कळेना. मग बाकामागून गिझेला हसायला लागली आणि सगळं क्रीडागृह तिच्यामागून. बार्ना स्वतःच्या पायांकडे पाहत होता, जणू ते शेजाऱ्याचे आहेत.

मी धावत बाकापाशी गेले. "अरे, तुला जाळी हललेली बघायची होती ना?"

"बघितली की," तो म्हणाला. "मला नेहमी दिसायची तिथूनच बघितली."

हसून म्हणाला, पण बोटांना लावलेली राळ तो पँटला पुसत होता आणि ती काही निघत नव्हती. त्या वेळी मला माझ्या जिभेची खरोखर लाज वाटली. सहसा वाटत नाही.

तेवढ्यात सिल्वेस्तर वही घेऊन आला. "बार्नाभाऊ, काळजी करू नका. दुसऱ्या अर्ध्यात पेनल्टी देऊ. रेफ्री माझा भाचा आहे."

"नको. वेंदेल पुन्हा वाकेल. मग तो गोल त्याच्या नाडीच्या नावावर लिहावा लागेल."

"मग पाटीवर काय लिहू?"

बार्नाने एकदा वर टांगलेल्या स्वतःच्या जर्सीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला :

"शून्य लिही. आणि त्याच्या डावीकडे जागा सोडू नकोस, एतेल्का तिथे एक आकडा घालेल."